सेल्फ न घेणारी पिकअप आणि आधी मीटर लावणारे मिस्त्री

डिसेंबरमधल्या एका पहाटे लाल कांद्याने भरलेली आमची पिकअप खळ्यातच अडकून पडली. चावी फिरवली की एकदाच ‘कट’ असा आवाज यायचा आणि पुढे काहीच घडत नसे. लासलगावच्या लिलावाची वेळ जवळ आलेली होती आणि लाल कांदा काही उन्हाळ कांद्यासारखा चाळीत ठेवता येत नाही. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत माल हलवून बाजार गाठला आणि गाडीसाठी पिंपळगावच्या बाजूच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्यांचे काम मला इतके पटले, की ते सविस्तर लिहावेसे वाटते.

त्याआधीचा अनुभव सांगणे भाग आहे. महिनाभरापूर्वी हीच तक्रार घेऊन मी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो होतो. तिथे कोणतीही तपासणी न करता ‘बॅटरी बसली’ असे सांगून साडेसहा हजारांची नवी बॅटरी बसवून देण्यात आली. काही दिवस गाडी चालू होत राहिली. मात्र निफाडकडे थंडी उतरली, पारा एक आकडी झाला आणि दुखणे पुन्हा उभे राहिले. तेव्हा त्याच गॅरेजने फोनवर ‘आता सेल्फच बदला’, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटरच बदला, असा सल्ला दिला.

या मिस्त्रींनी मात्र येण्यापूर्वी फोनवरच दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न असा, की सेल्फ फिरतो आणि इंजिन पकडत नाही, की सेल्फच फिरत नाही? सेल्फ जोरात फिरूनही इंजिन चालू होत नसेल, तर डिझेल, फिल्टरमधले पाणी, लाइनमध्ये धरलेली हवा किंवा थंड इंजिन तापवणारे हीटर प्लग यांच्याकडे पाहावे लागते. सेल्फच फिरत नसेल, तर बॅटरी, वायरी, रिले (सेल्फचा करंट जोडणारा स्विच) आणि सेल्फ एवढ्यातच दोष शोधायचा असतो. दुसरा प्रश्न अधिक नेमका होता. हेडलाइट लावून चावी फिरवली, तर दिवे मंद होतात का? मी करून पाहिले, तर दिवे जवळजवळ तसेच प्रखर राहिले. “मग बॅटरी चांगली आहे भाऊ, करंट सेल्फपर्यंत पोहोचत नाही. काही बदलू नका, मी येतो,” असे ते म्हणाले.

नऊच्या सुमारास आल्यावर त्यांनी पाना हातात घेण्याआधी मल्टिमीटर काढला. बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली होती. मला चावी फिरवायला सांगितली, तेव्हाही ती ११.८च्या खाली गेली नाही. यानंतर त्यांनी जे केले, ते मी यापूर्वी कोणत्याही गॅरेजमध्ये पाहिलेले नव्हते. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस टोकावर आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून त्यांनी पुन्हा चावी मारायला लावली. काटा नसलेल्या त्या मीटरवर ५.१ असा आकडा उमटला. जोडणी निर्दोष असेल, तर तिथे अर्ध्या व्होल्टच्या आतच आकडा यायला हवा. याचा अर्थ असा, की बॅटरीतून निघालेल्या दाबापैकी पाच व्होल्ट परतीच्या वाटेवरच, म्हणजे अर्थिंगमध्ये, वाया जात होते आणि सेल्फच्या वाट्याला जेमतेम साडेसहा व्होल्ट येत होते.

पहाटे ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून करंट देऊनही गाडी का हलली नाही, हे मी विचारले. त्यांनी उलट विचारले, “काळा चिमटा कुठे लावला होता?” मी बॅटरीच्या मायनसला लावल्याचे सांगताच त्यांनी तीच केबल घेतली, एक टोक मायनसला आणि दुसरे थेट इंजिनला लावले आणि चावी फिरवायला सांगितली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली! नवी बॅटरी आणि ट्रॅक्टरची बॅटरी, दोन्ही एकाच खराब वाटेने करंट पाठवत होत्या. हेडलाइटना दहाएक अँपिअर लागतात आणि त्यांची अर्थिंग थेट बॉडीवर असते, म्हणून ते प्रखर राहिले. सेल्फला मात्र शेकडो अँपिअर लागतात आणि थंडीत ऑइल घट्ट झालेले असताना ही गरज आणखी वाढते.

दोष गिअरबॉक्सपासून चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत निघाला. वरून ती धड दिसत होती, पण बोल्ट सोडल्यावर तिच्या तोंडाखाली हिरवट-पांढरी भुकटी साचलेली होती आणि तांब्याच्या निम्म्याहून अधिक तारा कुजून तुटलेल्या होत्या. या गाडीतून आम्ही वर्षानुवर्षे खताची पोती वाहतो, हे लक्षात घेता त्यात नवल नव्हते. त्यांनी चॅसीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, नवी जाड पट्टी आवळली आणि वरून ग्रीस लावले. मग तीच मोजणी पुन्हा केली, तेव्हा ०.२ व्होल्ट दिसले. इंजिन चालू ठेवून चार्जिंगही तपासले, ते १४.२ भरले. पट्टी, मजुरी आणि येण्याजाण्याचे मिळून त्यांनी ७०० रुपये घेतले. सेल्फला त्यांनी हातही लावला नाही, आणि ग्राहक घाबरलेला असताना हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

उणिवा दोन आहेत. छापील बिल मिळत नाही, त्यामुळे व्यवसायाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी वहीवर लिहून घ्यावे. तसेच ते एकटेच काम करत असल्याने रात्री येत नाहीत आणि द्राक्षाच्या हंगामात एखादा दिवस थांबावे लागते. फोन करण्याआधी हेडलाइट लावून चावी एकदा फिरवून पाहावी, कारण पहिली विचारणा तीच होते.