शाळेचा ४३ इंची टीव्ही, डबी आणि पत्र्याचं छप्पर: आठ महिन्यांनंतर

टीव्हीचं पॅनेल, रॅम, किती पोर्ट हे सगळं तुम्ही दुकानात वाचलेलं असतं, त्यात शिरत नाही. मी लिहायला बसलोय ते आवाजाबद्दल.

आमची शाळा देवगड तालुक्यात, खाडीच्या वरच्या अंगाला, कातळाच्या कडेला. पट २३, शिक्षक दोन. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत पाऊण हिस्सा पालकांचा ठेवलाय, त्यामुळे काही बिघडलं की बाई आधी मलाच फोन करतात. जानेवारीत शैक्षणिक उठावातून, म्हणजे लोकवर्गणीतून, सामान घेतलं. टीव्ही २६,५००, इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी २१,०००, डबी, मेमरी कार्ड, वायर, भिंतीचा स्टँड मिळून ९,२००. एकूण ५६,७००. मुंबईकर गाववाल्यांच्या मंडळाने ३०,००० दिले, वाडीतल्या ४१ घरांनी ५०० प्रमाणे २०,५००, आणि उरलेले ६,२०० जत्रेतल्या दशावताराला झोळी फिरवून. पावत्या माझ्याकडे आहेत. मागितल्या तर दाखवीन, मंडळाने दोनदा मागितल्या आहेत.

डबी म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, त्यात धडे-व्हिडिओ दाखवणारा कोलिब्री नावाचा फुकट प्रोग्राम. नेट लागत नाही, सगळं कार्डातच असतं. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, ते उघडणारं सरकारी दीक्षा अ‍ॅप २०१७ पासून आहे, पण आमच्याकडे रेंज येते ती शाळेमागच्या फणसाखाली, तीही एक काडी. तिथे २३ पोरं उभी करून व्हिडिओ दाखवायचा का? भाच्याने पुण्यातून डबी भरून पाठवली, त्यात गणिताचे मराठी व्हिडिओ, विज्ञानाचे खेळ आणि स्टोरीविव्हर या फुकट गोष्टींच्या साइटवरच्या मराठी गोष्टी.

जानेवारी ते एप्रिल एकदम झकास. बॅटरीवर टीव्ही आणि डबी शाळा सुटेपर्यंत सहज चालतात, १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १,८०० वॅट-तास, आणि दोघांचं मिळून खाणं शंभर वॅटच्या आतबाहेर. मी तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. घाई झाली.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि आकाशातल्या विजेने इन्व्हर्टरचं सर्किट जाळलं. दुकानदार म्हणाला, वॉरंटीत बसत नाही, तुमचं अर्थिंगच नाही. मी म्हटलं, बसवताना तुमच्याच माणसाने 'चालून जाईल' म्हटलं होतं. तो म्हणाला, लिहून दिलंय का? चार फोन, दोन फेऱ्या, एसटीचे पैसे वेगळे, शेवटी दुरुस्तीचे १,४०० भरले. पुढे आमच्या वायरमनने खड्डा घ्यायला घेतला तर दोन फुटांवर कातळ लागला. जांभ्याच्या कोरड्या कातळात मीठ-कोळसा भरूनही अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. मग अर्थिंगची पट्टी ओढत नेऊन विहिरीच्या ओलीला गाडली. तुम्ही कातळावर राहत असाल तर टीव्ही घेण्याआधी हे करा.

आता आवाज.

पूर्वी शाळेला कौलं होती. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, निम्मी कौलं अंगणात आणि निम्मी खाडीकडे. दुरुस्तीत पत्रे पडले, कारण पत्रे लवकर आले. पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजतं ते एकवेळ सोसवतं. पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात खरा पाऊस उतरला आणि आमचा २६,५०० चा टीव्ही मुका झाला. आवाज शंभरवर, बाई टीव्हीच्या शेजारी उभ्या, आणि मागच्या ओळीतली माझी मुलगी हातवारे करून विचारतेय की चालू आहे का. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, म्हणजे शाळा उघडल्यापासून गणपतीपर्यंत हेच.

मी चिडलो. कंपनीला मेल केला, उत्तर आलं, 'आवाजाची सेटिंग तपासा'. तपासली. मग माझ्या खिशातून १,८५० चा स्पीकर आणला. धो धो पाऊस असताना मोबाईलवरच्या अ‍ॅपने वर्गात ७८ डेसिबल दाखवले. अ‍ॅपवर किती विश्वास ठेवायचा ते सोडा, पण भाच्याने फोनवर गणित सांगितलं ते मात्र पटलं: दर दहा डेसिबलला वॅट दहापट लागतात. म्हणजे पत्र्याला हरवायचं तर शिमग्याचा साउंड लावावा लागेल, आणि मग पोरांचे कान जातील. पत्र्याखाली छत मारून घेण्याचं कोटेशन काढलं. आकडा इथे लिहीत नाही. त्या पैशांत असे दोन टीव्ही येतात.

त्या पंधरवड्यात मी एक तारा द्यायचं नक्की केलं होतं, मजकूर लिहूनही ठेवला होता.

मग एक दिवस बाईंचा फोन आला, "अध्यक्ष, वाईच शाळेत येऊन जावा." मला वाटलं पुन्हा इन्व्हर्टर. गेलो तर पाऊस पत्र्यावर नाचत होता, टीव्हीचा आवाज बंद, आणि पडद्यावर स्टोरीविव्हरची एक गोष्ट, मोठ्या अक्षरात, एका पानावर तीन ओळी. पोरं ती पावसावर ताण करून ओरडून वाचत होती. दुसरीतला एक मुलगा हवेत बोट धरून अक्षरामागून अक्षर फिरवत होता. 'समुद्र' आला आणि तो 'समुदर' म्हणाला, मागच्या मुलीने पाठीत बोट टोचलं, त्याने मागे न बघताच 'समुद्र' केलं. बाई काहीच करत नव्हत्या, फक्त माऊसने पान उलटत होत्या.

बाई म्हणाल्या, जूनपासून रोज वीस मिनिटं असंच चाललंय. पुस्तक हातात दिलं की तीच पोरं खिडकीतून बघतात. का, ते मला सांगता येत नाही. पण हे कोणी आधी करून बघितलंय असं बाईंनीच दाखवलं: आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत शब्द द्यायची कल्पना मांडली आणि १९९९ मध्ये गुजरातीत दूरदर्शनवर ती आली. गाणं ऐकता ऐकता डोळा आपसूक खाली जातो. आमच्याकडे पावसाने ऐकणं काढून घेतलं, उरलं तेवढं खालचं.

आता आमच्या पोरांना व्हिडिओपेक्षा गोष्टीच हव्या असतात. डबीतल्या संपत आल्या तेव्हा बाईंनी वाडीतल्या आजींना बोलावलं, त्या सांगतील ते टाईप करायचं आणि चित्रं पोरांनी काढायची, मोबाईलने फोटो काढून पडद्यावर. पहिली गोष्ट मालवणीत, 'कुर्ली वाकडी कशाक चालता', म्हणजे खेकडा वाकडा का चालतो. बाईंनी टाईप करताना सवयीने 'भरती आली' केलं. पडद्यावर ते दिसलं आणि आजी, दुसरीतून शाळा सुटलेली बाई, पदराने चष्मा पुसून उठली, "मी असा सांगूक नाय! भरती इली." दुरुस्त केलं तेव्हा बसली. दुसऱ्या दिवशी तिची जाऊ आली, मग तिचा दीर. सध्या सहा गोष्टी झाल्यात, सातवी एका खलाशाची आहे आणि ती लहान पोरांना दाखवण्याजोगी नाही असं माझं मत पडलं.

बाकी किरकोळ. जुलैत वीज दिवसातून आठदा गेली तेव्हा इन्व्हर्टर दुरुस्तीत पुन्हा दुकानात होता, आणि डबी नीट बंद न करताच गेल्याने कार्ड मेलं. ही डब्यांची जुनीच खोड आहे. भाच्याने दोन कार्डं भरून रातराणीच्या कंडक्टरकडे दिली, सकाळी स्टँडवर जाऊन घेतली. एक कपाटात राखीव ठेवलंय, तुम्हीही ठेवा. खाऱ्या हवेने एचडीएमआयची पिन हिरवी पडते, महिन्यातून एकदा पुसावी लागते. रिमोटचे सेल चोरीला जातात, ते घड्याळात सापडतात.

टीव्हीला तीन तारे, डबीला साडेचार. दुकानदाराला काही नाही. छताचं कोटेशन मी फाडलं नाही, पण पुढच्या मीटिंगला काढणारही नाही.

१,८५० चा स्पीकर मात्र पडून होता. गणपतीत आरतीला वाडीने मागून नेलाय. परत आला तर १,२०० ला द्यायचा आहे, खोक्यासकट.