१३ जानेवारीचं रीळ

अडतीस हजार रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. पण ज्या संगीतावर माझा तीस वर्षांचा जीव आहे, तेच पुढे करून मला फसवलं, हे जास्त लागलं. बीटल्स या ब्रिटिश बँडच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या नावावर हा धंदा अजून चालू आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मला टेपचं रीळ विकणाऱ्या माणसाने सांगितलेल्या गोष्टीतला बराचसा भाग खरा होता, आणि मी तिथेच अडकलो. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्स लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत नव्या गाण्यांच्या तालमीला बसले. ‘लेट इट बी’ हा अल्बम त्यातून पुढे आला. तालमींचं चित्रीकरण चालू होतं आणि चित्रपटाच्या आवाजासाठी नाग्रा या ध्वनिमुद्रण यंत्रांवर दिवसभर टेप फिरत होती. एक रीळ साधारण १६ मिनिटांचं, ते संपलं की दुसरं. अर्धवट चाली, गप्पा, कुरबुरी, सगळं त्यांत आहे. ही रिळं चोरीला गेली, त्यांच्या चोरट्या प्रती वर्षानुवर्षं विकल्या गेल्या. अखेर जानेवारी २००३ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये छापे पडले आणि सुमारे ५०० रिळं हाती लागली.

“सगळी नाही सापडली, दादा. एक आमच्या काकांकडे आलं,” असं तो फोनवर म्हणाला. शुद्ध मराठी, नम्र बोलणं. डब्याचा फोटो पाठवला, वर चिठ्ठी: १३ जानेवारी, ट्विकनहॅम. सोबत ४० सेकंदांचा नमुना. रिळाचा क्रमांक पुकारणारा आवाज, बीप, मग ड्रम्स आणि बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचं गुणगुणणं. माझ्या अंगावर काटा आला. १० तारखेला बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन बँड सोडून निघून गेला होता. तो गेल्यानंतरचा तालमीचा पहिला दिवस म्हणजे १३ जानेवारी. मामाला पंचाहत्तरीला यापेक्षा मोठं काय देणार? मला बीटल्स त्यानेच ऐकवले.

“दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, संध्याकाळपर्यंत सांगा.” मी दुपारी दहा हजार यूपीआयने पाठवले, रात्री उरलेले अठ्ठावीस. पूर्ण रीळ ऐकवा, असं एकदाही म्हटलं नाही. ती माझी चूक.

आठवड्याने रीळ घरी आलं. मामाच्या जुन्या स्पूल मशीनवर लावलं. तीन-चार मिनिटांतच मामाने हात वर केला. “थांब. हा इलेक्ट्रिक पियानो कोण वाजवतंय?” तो बिली प्रेस्टन या पाहुण्या वादकाचा होता, आणि प्रेस्टन त्यांच्यात आला २२ जानेवारीला, तोही ट्विकनहॅममध्ये नाही, बीटल्सच्या सॅव्हिल रोवरच्या स्वतःच्या स्टुडिओत. पुढे चक्क जॉर्जचा आवाज आला, जो १३ तारखेला तिथे नव्हताच. मग हेडफोन लावले. डाव्या कानात गाणं, उजव्या कानात गिटार. नाग्राचं ते मुद्रण मोनो होतं, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. २०२१ साली दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या या तालमींवरच्या माहितीपटासाठी संगणकाने त्या मोनो टेपमधले आवाज वेगळे काढले होते. आता तसली साधनं घरोघरी आहेत. कुणीतरी जुन्या, आधीच फिरत असलेल्या प्रतीतले आवाज सुटे केले, वर टेपची खरखर चढवली आणि ते कोऱ्या टेपवर भरलं. टेप सलग ३१ मिनिटं चालली. रीळ बदलल्याचा खंड कुठेच नाही.

मामा काहीच बोलला नाही. त्याने टेप हाताने गुंडाळून डब्यात ठेवली.

विक्रेत्याचा फोन बंद होता. १९३० या सायबर हेल्पलाइनला मी बाराव्या दिवशी फोन केला. लाजेपोटी इतके दिवस गप्प बसलो होतो. तोवर खातं रिकामं झालं होतं. तक्रार लगेच नोंदवली तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येतात, हे तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा मनाआड केली होती. ते रीळ अस्सल असतं तरी चोरीचंच असतं. मोजून पैसे देऊन मी चोरीचा माल घ्यायला निघालो होतो, तेही मामासाठी. त्या तालमींमधलं कितीतरी आता रीतसर मिळतं. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सने १९६९ मध्ये जुळवलेला आणि तेव्हा बाजूला ठेवलेला अल्बमसुद्धा ‘लेट इट बी’च्या ऑक्टोबर २०२१ च्या संचात आहे. मामाला शेवटी तोच दिला.

गेल्या रविवारी कोल्हापूरच्या एका ओळखीच्या माणसाने मला एक नमुना पाठवला, खरा वाटतो का म्हणून. तोच क्रमांक पुकारणारा आवाज, तोच बीप, तेच ४० सेकंद. चिठ्ठीवर या वेळी १४ जानेवारी, किंमत पंचावन्न हजार, मुदत संध्याकाळपर्यंत. मी त्याला लगेच फोन लावला. त्याने अजून पैसे पाठवलेले नाहीत.