भिंतीतला अडसर की विजेचं कुलूप?

पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) सेल्युलर जेलमध्ये (बांधकाम १८९६ ते १९०६) कोठडीचं कुलूप दारावर नाहीच. गजांच्या दाराचा लांब लोखंडी अडसर बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात जातो आणि कुलूप तिथे लागतं. आतून कितीही हात ताणा, तिथवर पोहोचत नाही. सावरकर बंधू अशाच दारांआड होते, हे आठवलं की या साध्या युक्तीतला क्रूरपणा अंगावर येतो. यंत्र म्हणून मात्र ती चोख आहे. खोट मोठी: आग लागली तर शिपायाने एकेक दार किल्लीने उघडायचं.

आजच्या विद्युत कुलपात मोटर किंवा सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ओढणारी तारेची गुंडाळी) पोलादी बोल्ट सरकवते. नियंत्रण कक्षातून अख्खी रांग एकदम उघडता येते, आणि दार खरंच लागलं का ते सेन्सर सांगतो. वीज गेली तर कोठडी सहसा बंदच राहते, म्हणून हाताने उघडायची किल्लीही लागतेच.

माझा कौल विजेच्या कुलपाला, पण किल्लीसकट. आत अडकलेल्याला स्वतःहून बाहेर पडता येत नाही, तेव्हा सुटकेचे मिनिट वाचवणारी रचनाच हवी. चोवीस तास पहारा असलेल्या पोलीस ठाण्याच्या लहानशा लॉकअपला साधं कुलूप पुरतं.