फायरवॉलसाठी १२८ जीबीची एसएसडी घेतली, आत निघाली १६ची

सांगायला लाज वाटते कारण मी स्वतः कॉम्प्युटरवाला, चार लोकांना काय घ्यायचं ते सांगणारा, पण गंडलो ते गंडलोच. हॉलमध्ये टीव्हीखाली एक जुना थिन क्लायंट (छोटा, कमी ताकदीचा पीसी) ठेवलाय, पंखा नाही, आवाज शून्य, कारण बाबा तिथेच झोपतात आणि त्यांना घड्याळाची टिकटिकसुद्धा चालत नाही. त्यावर ओपीएनसेन्स, म्हणजे घरच्या नेटवर्कवर पहारा ठेवणारं फायरवॉल सॉफ्टवेअर. आधी पेनड्राइव्हवरून बूट व्हायचा, तो वर्षभरात मेला. मरणारच, फायरवॉल दिवसरात्र लॉग आणि ग्राफचा डेटा लिहीत बसतो आणि साध्या पेनड्राइव्हची तेवढी लायकी नसते.

मग एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. खरं तर १६ जीबीतही भागलं असतं (हे पुढे फारच खरं ठरलं), पण लॅमिंग्टन रोडला एका दुकानात ओळखीच्या ब्रँडची १२८ जीबी ७५० रुपयांत, सीलपॅक! बाकी दुकानांत जवळजवळ दुप्पट. "साहेब, तुमचा जीएसटी वाचवला" म्हणत त्याने कच्चं बिल हातात ठेवलं आणि मी वर थँक्यू म्हणून आलो.

इन्स्टॉल मस्त झालं. सगळी सिस्टिम दोन-तीन जीबीत बसते, त्यामुळे पहिल्या दिवशी कळायला मार्गच नाही. डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत म्हणून झेडएफएस निवडलं होतं एवढंच नशीब, कारण ते डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा) ठेवतं आणि जुन्या डेटावर न लिहिता नवीन जागी लिहितं, म्हणजे हळूहळू डिस्कभर पसरतं. तीन आठवड्यांनी झेडएफएसची तब्येत दाखवणाऱ्या झेडपूल स्टेटस कमांडमध्ये चेकसम एरर दिसायला लागले. मी येडा, आधी रॅमवर संशय घेतला, अख्खा रविवार मेमटेस्टने रॅम तपासण्यात घालवला, मग केबल बदलली, आणि एकदा लाइट जाऊन आली तर बूटच होईना.

शेवटी डिस्क लॅपटॉपला लावली. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये ब्रँडचं नावच नाही, नुसतं एसएसडी १२८जीबी, सिरियल नंबरमध्ये शून्यांची रांग. मग एफ३ चालवलं, हे फुकटचं टूल पूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतं. पहिले १४-१५ जीबी ठीक, पुढचं सगळं करप्ट. डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) १२८ जीबी आहे असं धडधडीत खोटं सांगतं आणि जागा संपली की नवीन डेटा कुठेच न लिहिता सोडून देतं, तक्रार न करता. स्क्रू काढले तर आत अंगठ्याएवढा बोर्ड, त्यावर एकच चिप, आणि वजन वाटावं म्हणून चिकटवलेली लोखंडी पट्टी. पट्टी बघून मात्र हसू आलं.

दुकानदार म्हणे "सील फोडलं, आता रिटर्न नाही". ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५, पण कच्च्या बिलावर ना दुकानाचं नाव ना सिरियल नंबर, दाखवणार काय डोंबल?

आता दुसरीकडून घेतली, सिरियल नंबर टाकलेलं पक्कं बिल, तीन वर्षांची वॉरंटी, तो नंबर दुकानात उभं राहूनच कंपनीच्या साइटवर तपासला. घरी आल्यावर आधी एफ३, मग इन्स्टॉल. हा क्रम उलटा करू नका, एफ३ला रिकामी डिस्क लागते. /var/log आणि /tmp (लॉग आणि तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर) रॅममध्ये टाकलेत, लिहिणं बरंच कमी झालं. कॉन्फिगची (फायरवॉलच्या सगळ्या सेटिंग्जची) एक्सएमएल फाइल मोबाइलमध्ये होती म्हणून अर्ध्या तासात नेट चालू, नाहीतर बाबांची सकाळची भजनं बुडाली असती आणि मग माझं काही खरं नव्हतं.