बेळगावातील प्लास्टिक सर्जरी विभाग : मामांच्या पायाच्या निमित्ताने

निपाणीजवळ दुचाकी घसरून आमच्या थोरल्या मामांच्या नडगीचे हाड उघडे पडले, तेव्हा त्यांचे वजन 112 किलो होते. बेळगावातील ज्या रुग्णालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात त्यांना दाखल केले, तेथील डॉक्टरांनी मराठीतून नीट समजावले की उघड्या हाडावर दुसरीकडून काढून लावलेली नुसती कातडी धरत नाही, म्हणून शेजारची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसह वळवून जखमेवर आणावी लागते, यालाच फ्लॅप म्हणतात. परंतु स्थूल रुग्णाच्या चरबीचा थर जाड असल्याने ती बारीक रक्तवाहिनी शोधणे अवघड जाते, फ्लॅप वळवताना तिच्यावर ताण येतो आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो. रक्तप्रवाह टिपणाऱ्या डॉप्लर यंत्राने त्या रक्तवाहिनीची जागा आधीच कातडीवर रेखून घेतली, ही दक्षता मला विशेष वाटली. परिचारिका रात्रीही फ्लॅपचा रंग आणि ऊब तपासत. कडेचा थोडा भाग काळवंडला, तो पुढे ड्रेसिंगवर भरून आला. तक्रार एकच : संमतीपत्र फक्त कन्नड आणि इंग्रजीत होते, अर्थात सीमाभागात हे नवे नाही. पाय अजून जाडसर दिसतो; फ्लॅपमधील चरबी कमी करण्यासाठी काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया लागेल, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितल्यामुळे खर्चाची तजवीज करता आली.