बेळगावच्या उन्हाळ्यात तीन पांढऱ्या वाइन

आधी फसलेली बाटली सांगते. गेल्या मार्चमध्ये शहरातल्या एका दुकानातून पोर्तुगालची विन्यो व्हेर्दे आणली. दुकानाच्या काचेत, दुपारच्या उन्हात ती उभी होती, आणि ते दिसूनही मी घेतली. घरी उघडली तर रंग पिवळट, बुडबुडा एकही नाही आणि वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा. नावाचा अर्थ ‘हिरवी वाइन’, पण हा हिरवा रंगाचा नव्हे, कोवळेपणाचा. ती ताजीच प्यायची असते. मेथीची जुडी उन्हात ठेवली की मान टाकते, तसंच तिचं होतं.

यंदा एप्रिलमध्ये आक्का पणजीहून आली ती परवाना करून तीन बाटल्या आणि थर्माकोलच्या पेटीत तिसऱ्या (शिंपले), बांगडे घेऊन. शहापूरच्या आमच्या गच्चीवर संध्याकाळी बसलो. नेमके दिवे गेले. खानापूरच्या माठातलं पाणी प्यायला गार असतं, पण या वाइनला ८ ते १० अंश लागतात. मग बादलीत बर्फ, त्यात पाणी आणि मूठभर खडे मीठ. नुसत्या बर्फात बाटलीभोवती पोकळी राहते; पाणी घातलं की गारवा सगळीकडून चिकटतो. वीस-पंचवीस मिनिटांत काम झालं.

पहिली पुन्हा विन्यो व्हेर्देच, या खेपेला ताजी. जिभेवर बारीक चुरचुर, लिंबाच्या सालीचा वास, अल्कोहोल फक्त ९ टक्के. आमच्या तिखटाला हाच आकडा बरा, कारण अल्कोहोल जास्त असलं की मिरची जास्त पेटते. तळलेल्या बांगड्याबरोबर बाटली कधी संपली कळलं नाही.

दुसरी अल्बारिन्यो, आणि माझा जीव हिच्यावरच जडला. ही स्पेनच्या गॅलिसियातली, रियास बायशास या समुद्रकाठच्या भागातली. तिथे पाऊस आपल्या कोकणासारखा मागे लागलेला, म्हणून द्राक्षवेल जमिनीलगत ठेवत नाहीत; ग्रॅनाइटच्या खांबांवर मांडव घालून वर चढवतात, म्हणजे खालून वारा खेळतो आणि घड कुजत नाहीत. आक्काने हे सांगितलं तेव्हा मला आजोळचा कारल्याचा मांडव आठवला. पहिल्या घोटात पीच, मग मोसंबी, आणि शेवटी ओठांवर खारटपणा, समुद्रावरून घरी आल्यावर राहतो तसा. ओलं खोबरं घातलेल्या तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर तो खारटपणा असा जुळला की आम्ही दोघी बोलायच्या थांबलो. तिन्हींत ही महाग, तरी मी पुन्हा घेईन.

तिसरी स्पेनच्याच रुएदा भागातली व्हेर्देखो. रुएदा समुद्रापासून लांब, ७०० मीटरच्या वर, म्हणजे उंचीला साधारण आपलं बेळगावच. दिवसाच्या उन्हात द्राक्षांचा वास उडू नये म्हणून तिथे बऱ्याच ठिकाणी तोडणी रात्री करतात. बडीशेप, ओलं गवत, आणि शेवटी किंचित कडवटपणा. बांगड्यापुढे ती दबली; काकडीची कोशिंबीर आणि कैरीच्या डाळीबरोबर मात्र फुलली. ज्यांच्या घरी मासे नाहीत त्यांनी हीच घ्यावी.

मटणाच्या लाल रश्श्याबरोबर यांतली एकही उघडू नका. मी दुसऱ्या दिवशी उरलेली व्हेर्देखो घेऊन पाहिली, नुसतं पाणी लागलं.

दुकानात गेलात तर बाटलीवरचं द्राक्षतोडणीचं वर्ष बघा. विन्यो व्हेर्देवर पुष्कळदा ते छापलेलंच नसतं; तेव्हा माल कधी आला ते विचारा, आणि काचेतली नको, आतली थंड जागेतली द्या म्हणा. ग्लास अर्ध्याहून कमी भरा, नाहीतर गच्चीवर खालचा अर्धा गरमच प्यावा लागतो. मे महिन्यात आक्का परत येणार आहे. तिला दोन अल्बारिन्यो आणि एक विन्यो व्हेर्दे सांगून ठेवल्या आहेत.