हायब्रिड टी की फ्लोरिबंडा?

घरच्या बागेत एक-दोनच गुलाब लावायचे असतील तर निवड बहुतेक या दोन गटांतच होते. फोटो बघून ठरवलं तर हायब्रिड टी दर वेळी बाजी मारणार. लांब दांडा, टोकाला एकच मोठं फूल, अर्धवट उमललं की मधोमध उंच निमुळता गाभा. फुलदाणीसाठी याला तोड नाही. ‘ला फ्रान्स’ (1867) हा या गटातला पहिला मानला जातो. 1945 मध्ये ‘पीस’ बाजारात आला आणि गुलाब म्हटलं की असंच फूल डोळ्यांपुढे येऊ लागलं.

फ्लोरिबंडाचं फूल लहान, पण घोसाने येतं. घोसातल्या कळ्या मागेपुढे उमलतात, त्यामुळे झाडावर बराच काळ रंग टिकतो. पांढरा ‘आइसबर्ग’ (1958) बघितला असेल तर हा गट तुम्हाला ठाऊकच आहे. हायब्रिड टीचा बहर ओसरला की पुढचे सहा-सात आठवडे बहुतेक पानंच बघायची, एवढी तयारी ठेवा.

खरा फरक कळतो तो छाटणीत. हायब्रिड टीला हात आखडून चालत नाही: तीन ते पाच जोमदार फांद्या ठेवायच्या, त्याही निम्म्यावर आणायच्या. घाबरत शेंडे खुडले तर झाड नुसतं उंच होतं आणि फुलं बारीक येतात. फ्लोरिबंडाच्या जास्त फांद्या राखायच्या, उंची साधारण एक तृतीयांश कमी करायची. थोडं कमीजास्त झालं तरी तो सांभाळून घेतो.

काप मात्र दोन्हीकडे सारखाच. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा (फांदीवर जिथून नवी फूट येते ती जागा) शोधा आणि त्याच्या पाच-सहा मिलिमीटर वर, उतार डोळ्याच्या उलट दिशेला ठेवून कापा. खुंटी लांब ठेवली तर ती वाळत खाली येते. डोळ्याला खेटून कापलं तर डोळाच सुकतो. कापल्यावर आतला गर बघा. पांढरट असेल तर ठीक, तपकिरी दिसला तर आणखी खाली या.

कलमाच्या जोडाखालून फूट आली तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या झाडाची; मुळाशी जाऊन ओढून काढा. रोज सहा तास ऊन दोघांनाही लागतंच. रोगांच्या बाबतीत मी गटापेक्षा जातीवर भिस्त ठेवेन; काळे ठिपके दोन्हींवर पडतात.

पहिलंच झाड असेल, किंवा जागा कुंडीपुरती असेल, तर माझं मत फ्लोरिबंडाला. घरात ठेवायला फुलं कापायची असतील तर हायब्रिड टी, पण मग एकावर थांबू नका.

रोप घेताना नावाआधी ‘क्लाइंबिंग’ लिहिलंय का, तेही बघा. ‘पीस’ आणि ‘आइसबर्ग’ या दोघांचेही वेलप्रकार मिळतात. त्यांना वरचा हिशेब लागू नाही: सुरुवातीची दोन वर्षं फक्त वाळकं काढा आणि लांब फांद्या आडव्या बांधा, म्हणजे डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात.